बेली ट्रेल : १९६२ च्या आडवाटेने चालताना

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम टोकाला, तवांग आणि बोमडिला यांच्यामध्ये, सेला नावाची ४,१७० मीटर उंचीची खिंड आहे. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस तवांग चिनी सैन्याच्या हाती पडलं, तेव्हा भारतीय सेनेने पुढची सगळी भिस्त या खिंडीवर ठेवली. खिंडीत ६२ ब्रिगेड, मागे दिरांगला चौथ्या डिव्हिजनचं मुख्यालय आणि त्याच्याही मागे बोमडिलाला ४८ ब्रिगेड. आसामात उतरणारा रस्ता एकच होता आणि तो आपण अडवला होता.

सेलाच्या पूर्वेला मात्र आणखी एक वाट आहे. सीमेवरच्या तुलुंग लापासून मागो, मग पोशिंग ला आणि तिथून थेंबांग अशी ती डोंगरांच्या आडून खाली येते. याक चारणाऱ्यांची, व्यापाऱ्यांची पायवाट. तिथून मोठी फौज येऊच शकत नाही, असा समज होता. नोव्हेंबरच्या मध्यात चिनी फौज नेमकी त्याच वाटेने आली. पोशिंग लाजवळची ५ गार्ड्स पलटणीची तुकडी तिने चिरडली. १७ नोव्हेंबरला थेंबांगला उरलेल्या जवानांनी दारूगोळा पुरला तोवर झुंज दिली, पण अखेर दिरांग-बोमडिला रस्ता तुटला. त्याच रात्री सेला सोडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी बोमडिला पडलं. समोरच्या हल्ल्याला तोंड द्यायला बसलेली खिंड पाठीमागच्या पायवाटेमुळे गेली.

ही वाट आज बेली ट्रेल म्हणून ओळखली जाते. कॅप्टन फ्रेडरिक मार्शमन बेली आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे कॅप्टन हेन्री मॉर्सहेड हे दोघे १९१३ साली त्सांगपो नदीचा माग काढत तिबेटात फिरले आणि परतीला या डोंगरांतून खाली आले. त्यांनी केलेल्या मोजणीचा उपयोग १९१४ ची मॅकमहोन रेषा आखताना झाला. म्हणजे वाट नकाशावर होती, तीही जवळजवळ ५० वर्षांपासून. हे मनात ठेवून चाललं तर प्रत्येक चढाला वेगळा अर्थ येतो.

अलीकडे महाराष्ट्रातून बरीच मंडळी या ट्रेकची चौकशी करतात, याचा मला आनंद आहे. पण चौकशी बहुतेक वेळा ‘किती दिवसांत होईल’ इथून सुरू होते. ही वाट उरकण्याची नाही. इथे दिवस वाचवणाऱ्याचं शरीरही धोक्यात येतं आणि इतिहासही त्याच्या हाती लागत नाही. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका मताभोवती आहे.

आपल्या सह्याद्रीची सवय आणि तिची मर्यादा

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरकडे एक मोठी पुंजी असते. डोंगर बघताना त्याला मुख्य वाट दिसते तशी चोरवाटही दिसते. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कशी कोंडीत सापडली, हे त्या खिंडीत उभं राहिल्यावर पोरांनाही उमगतं. ही नजर बेली ट्रेलवर फार कामाला येते. कोणती धार कुठल्या खोऱ्यावर नजर ठेवते, पाणी कुठे आहे, रात्रीचा मुक्काम कुठे पडू शकतो, शंभर माणसं एका रांगेत आली तर पुढच्या-मागच्यात किती अंतर पडेल, हे प्रश्न स्वतःला विचारत चाला.

पण उंचीचा अनुभव आपल्याकडे नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. जवळपास तेवढ्या उंचीवर, सुमारे दीड हजार मीटरवर, दिरांग गाव वसलेलं आहे, आणि ट्रेक सुरू व्हायचाय त्याच्याही पुढे. वाटेवरच्या खिंडी चार हजार मीटरच्या वर आहेत. रविवारी दोन गड करणारे धट्टेकट्टे तरुण इथे तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात, कारण फुप्फुसांची तयारी आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घरी करता येते, दुसरी फक्त तिथे, आणि फक्त वेळ देऊन.

१९६२ च्या पराभवातही या गोष्टीचा मोठा वाटा होता. आपले जवान मैदानी मुलखातून घाईघाईने वर चढवले गेले. त्यांना विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळाला नाही आणि अनेकांच्या अंगावर सुती गणवेश होते. समोरची फौज तिबेटच्या पठारावरून, उंचीला सरावलेली, खाली उतरत होती. हे पुस्तकात वाचून डोक्याला पटतं. चार हजार मीटरवर पाठीवर सॅक घेऊन वीस पावलांनंतर धाप लागते तेव्हा ते अंगाला कळतं.

कोणत्या बाजूने चालावं

इतिहासाच्या क्रमाने चालायचं तर मागोकडून थेंबांगकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे यावं लागेल. मोह होतो, आणि मागोपर्यंत आता गाडीरस्ता पोचल्यामुळे ते सोपंही वाटतं. तरी माझा सल्ला उलट आहे. थेंबांगहून सुरुवात करा. थेंबांग दोन हजार मीटरच्या थोडं वर आहे. तिथून चांदेर, लागम असं करत जंगलातून कुरणांकडे हळूहळू उंची वाढते आणि शरीराला दिवस मिळतात. गाडीने सेलाकडून एका दिवसात वर जाऊन उंचावरच्या मुक्कामाने सुरुवात केली, तर ती सवड हातची जाते. शिवाय या बाजूने चढताना तुम्ही त्या तुकड्यांच्या वाटेने जाता, ज्यांना पोशिंग लाकडे पाठवलं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत नसताना, अपुऱ्या रसदीनिशी, आणि मागून मदत येण्याची आशा फारशी नसताना हे चढ चढताना त्यांच्यावर काय गुजरलं असेल, ते या दिशेनेच समजतं. तुलुंग ला ही खिंड प्रत्यक्ष ताबारेषेवर आहे. तिकडे जायचा विचारही करू नका.

सगळी वाट चालायला आठ ते दहा दिवस धरा, त्यात किमान एक राखीव दिवस हवामानासाठी आणि एक विश्रांतीसाठी. मुंबई-पुण्याहून निघून परत येईपर्यंत दोन आठवडे पुरे पडत नाहीत, थोडे जास्तच ठेवा. एवढी रजा नसेल तर पूर्ण ट्रेकचा अट्टहास सोडा. थेंबांग, चांदेर आणि लागमच्या कुरणांपर्यंतचा तीन-चार दिवसांचा फेरा पोशिंग लाशिवायही समाधान देतो. १९६२ मधली थेंबांगची लढाई समजून घ्यायला तर तो पुरेसा आहे, कारण थेंबांगच्या उतारावरून खाली दिरांग-बोमडिला रस्त्याचं खोरं दिसतं आणि ही जागा का महत्त्वाची होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

परवाने, प्रवास, माणसं

अरुणाचलात शिरायला भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन मिळतं. त्यात ज्या जिल्ह्यांतून जाणार त्यांची नावं, म्हणजे पश्चिम कामेंग आणि तवांग ही दोन्ही, आहेत याची खात्री करा आणि मुदत ट्रेक लांबला तरी पुरेल अशी घ्या. याच्या चार-पाच छापील प्रती सोबत ठेवा, कारण वरच्या चौक्यांवर नेटवर्क नसतं. मागोच्या बाजूला जायला स्थानिक प्रशासनाची आणि सेनेची परवानगी स्वतंत्रपणे लागते. ती निघण्याच्या आदल्या आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नका. स्थानिक आयोजकाकडे महिना-दोन महिने आधी कागद पाठवा.

गुवाहाटीहून भालुकपोंगमार्गे बोमडिला आणि पुढे दिरांग असा नेहमीचा रस्ता. शेअर सुमो मिळतात, पण गट असेल तर स्वतःची गाडी ठरवलेली बरी. एका दिवसात दिरांग गाठायचा प्रयत्न टाळा. रस्त्यावर दरडी पडतात, धुकं उतरतं, आणि सेनेच्या वाहनांचे ताफे पुढे गेल्याशिवाय वाट मिळत नाही. बोमडिला अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे एक मुक्काम केला तर पुढच्या उंचीची पहिली सवय आपोआप होते.

दिरांगला राष्ट्रीय गिर्यारोहण आणि साहसी क्रीडा संस्था आहे, सगळे तिला निमास म्हणतात. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संस्था या डोंगरांत सतत मोहिमा काढते. वाटेची सध्याची स्थिती, बर्फ आणि पूल यांची चौकशी तिथे करता येते. पण वाटाड्या थेंबांग-चांदेर भागातलाच घ्या. इथले मोन्पा लोक आणि याक पाळणारे ब्रोक्पा हेच या कुरणांचे खरे जाणकार. थेंबांगच्या गावकऱ्यांनी आपल्या भोवतालचं जंगल सामूहिक संवर्धन क्षेत्र म्हणून राखलं आहे आणि घरोघरी मुक्कामाची सोय केली आहे. गटातल्या एकाने सगळं सामान स्वतः उचलण्याचा बाणा दाखवू नये. पोर्टर घ्या, त्यांची मजुरी आधी ठरवा, त्यांच्याही थंडीच्या कपड्यांची आणि तंबूची सोय बघा. १९६२ आधीच्या दिवसांत सेनेची रसद वाहणाऱ्यांत गावोगावचे मोन्पा हमालही होते, आणि स्मारकांवर त्यांचा उल्लेख शोधूनही क्वचितच सापडतो. ही उणीव आपण निदान आपल्या वागण्यात तरी ठेवू नये.

ऋतू आणि दिवसाचा प्रकाश

एप्रिलअखेर ते मे हा ऱ्होडोडेंड्रॉन फुलण्याचा काळ. चढावरची जंगलं लाल-गुलाबी होतात, पण दुपारनंतर पाऊस येतो आणि वरच्या खिंडींत बर्फ शिल्लक असू शकतो. जून ते सप्टेंबर नकोच. पावसाचा जोर, दरडी, आणि खालच्या जंगलात जळवा. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वात चांगला वाटतो. आकाश स्वच्छ असतं, उत्तरेची हिमशिखरं दिसतात, आणि युद्ध ज्या दिवसांत झालं तीच थंडी, तोच कोरडा वारा अनुभवायला मिळतो.

नोव्हेंबरात मात्र आपण एका गोष्टीत हमखास फसतो. घड्याळ देशभर एक असलं तरी सूर्य अरुणाचलात आधी उगवतो आणि आधी मावळतो. साडेपाचला उजाडतं आणि साडेचारच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो. पाचला काळोख. मुंबईच्या सवयीने आठला चहा, नऊला चाल असं केलंत तर शेवटचा तासभर बॅटरीच्या उजेडात, निसरड्या ओढ्यातून जावं लागेल. सहाला पाठीवर सॅक असावी आणि दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठलेला असावा. उरलेला वेळ वाया जात नाही. मुक्कामावर पोचून थोडं वर चढून यायचं आणि झोपायला खाली यायचं, ही उंचीला सरावण्याची उत्तम रीत आहे.

उंची

तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही पहिली लक्षणं. ती असतील तर त्याच उंचीवर थांबा, वर जाऊ नका. चालताना तोल जाणं, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता न येणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली उतरायला लागा. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना आवर्जून सांगावं. गोळी घेतली म्हणून चढण्याचा वेग वाढवायचा नाही.

या वाटेचा एक स्वभाव इथे ध्यानात घ्यावा. काही मुक्काम दोन खिंडींच्या मधोमध पडतात. तिथे आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायचं तर आधी एक खिंड ओलांडावी लागू शकते. म्हणून ‘इथपर्यंत सगळे ठणठणीत असतील तरच पुढे, नाहीतर इथून माघार’ अशी एक जागा निघण्याआधीच वाटाड्याबरोबर ठरवा, आणि गटातल्या प्रत्येकाला ती माहीत असू द्या. वर गेल्यावर असा निर्णय शांतपणे होत नाही. हेलिकॉप्टर येईल या आशेवर कुणी राहू नये. मोठं इस्पितळ म्हणजे तेजपूर, आणि तिथवर पोचायला चाल अधिक गाडी असा पूर्ण दिवस सहज जातो.

मोबाइलला रेंज नसते. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाहीत, परदेशातून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे मुद्दाम सांगा. ड्रोन नेऊ नका. सीमाभाग आहे, पूल, चौक्या, बंकर, हेलिपॅड यांचे फोटो काढू नका. चौकीवरच्या जवानाने थांबवलं तर हुज्जत नको, कागद दाखवा आणि चार शब्द गोड बोला. त्यांच्याकडून मिळणारा चहा या वाटेवरच्या चांगल्या आठवणींपैकी एक ठरतो.

अंगावर आणि सॅकमध्ये

सुती कपडे सह्याद्रीत चालतात, इथे नाही. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट खिंडीतल्या वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. आत पटकन वाळणारा थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, आणि मुक्कामासाठी पिसांचं जाकीट. उणे दहापर्यंतची स्लीपिंग बॅग. घोट्याच्या वर येणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट. खालच्या टप्प्यासाठी जळवांचे मोजे आणि मीठ, वरच्या टप्प्यासाठी काळा चष्मा. ओढ्यांवरचे लाकडी पूल पहाटे दवाने गोठलेले असतात, काठी दोन्ही हातांत हवी.

खाण्यात गावचं जे मिळेल ते घ्या. थुक्पा, बकव्हीटचं खुरा नावाचं धिरडं, आणि मक्याच्या किंवा नाचणीच्या पिठाचं झान आपल्या मंडळींना लगेच आवडतं. याकच्या दुधाची छुरपी चघळायला खिशात ठेवा. लोण्याचा खारट चहा पहिल्या घोटाला नकोसा वाटला तरी उंचीवर तो पाणी, मीठ आणि ऊब एकदम देतो. शेव-चिवडा, गुळपापडीच्या वड्या, भाजणी घरून न्यायला हरकत नाही, पण रिकाम्या पिशव्या मोजून परत आणा.

युद्धाच्या जागी

काय वाचून जावं, हे पुष्कळ जण विचारतात. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी नामका चू नदीवर ७ ब्रिगेडचे प्रमुख होते आणि तिथल्या लढाईनंतर युद्धकैदी झाले. त्यांचं ‘हिमालयन ब्लंडर’ सेलाच्या आधीचा भाग समजायला उत्तम. बेलीचं ‘नो पासपोर्ट टू तिबेट’ १९५७ साली आलं, ते वाटेच्या जुन्या रूपासाठी. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. आपल्या घरात १९६२ ची आठवण बहुधा यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, इथून सुरू होते. ते घडेपर्यंत २१ नोव्हेंबरची एकतर्फी युद्धबंदी येऊन ठेपली होती. चव्हाणांच्या नेमणुकीआधीचे ते दिवस या वाटेवर घडले, म्हणून निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा घटनाक्रम तारखेनिशी एका कागदावर उतरवून घ्या. अमेरिकन लष्करी नकाशा विभागाचे १९५० च्या दशकातले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे इंटरनेटवर मोफत मिळतात. सेला, पोशिंग ला आणि थेंबांग एका कागदावर दिसले की चिनी डाव लगेच डोळ्यांपुढे येतो.

वाटेत जुने मोर्चे, गंजलेले डबे, काडतुसांच्या पुंगळ्या दिसू शकतात. काहीही उचलू नका. न फुटलेला दारूगोळा साठ वर्षांनीही फुटतो आणि तो ओळखणं आपलं काम नाही. आठवण म्हणून एक पुंगळी खिशात टाकणारे असतात. त्यांना स्पष्ट शब्दांत थांबवा. सेला सोडल्यानंतर कितीतरी जवान रस्ता तुटल्यामुळे जंगलांतून, भूतानच्या दिशेने, भुकेले आणि गोठलेले भटकत राहिले. काही परतले नाहीत. एखाद्या कपारीत अवशेषासारखं काही दिसलं, तर न हलवता जागा टिपून ठेवा आणि पहिल्या चौकीवर सांगा.

थेंबांग स्वतः एक तटबंदीचं गाव आहे. दगडी वेशी, आत खेटून उभी घरं, आणि २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत नाव. इथल्या जाणत्या माणसांनी ते दिवस लहानपणी पाहिले आहेत. गाव सोडून जाणं, परत येणं, घरात काय उरलं ते शोधणं. त्यांच्याकडे थेट ‘युद्धाचं सांगा’ म्हणून बसू नका. ताशी देलेक म्हणा, चहा घ्या, शेतीचं, याकचं, नातवंडांचं बोला. हिंदी बहुतेकांना येते. मग ते आपणहून सांगतील, किंवा सांगणार नाहीत. दोन्हींचा मान राखा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कुणाच्या चेहऱ्याकडे बघून ‘तुम्ही भारतीय का’ असा प्रश्न चुकूनही निघू देऊ नका. या लोकांनी त्या हिवाळ्यात आपलं घरदार पणाला लावलं होतं.

मणी भिंत आणि छोर्तेन (स्तूप) आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. प्रार्थनापताका बांधलेल्या खिंडीत आरडाओरडा, गाणी, घोषणा नकोत. पोशिंग लाला पोचल्यावर वारा परवानगी देईल तेवढा वेळ बसा आणि नकाशावर एक गोष्ट तपासा. इथून सेला किती जवळ आहे आणि तिथल्या माणसांना इथली काहीच कल्पना असू नये इतकी ती कशी दूर पडते.

मागोला गरम पाण्याचे झरे आहेत, दमलेल्या पायांना तिथे खरा आराम मिळतो. परतीला जंग गावावरून सेलामार्गे येताना गाडी दोन ठिकाणी थांबवायला चालकाला आधीच सांगून ठेवा. पहिलं जसवंतगड, जिथे ४ गढवाल रायफल्सचे रायफलमन जसवंतसिंग रावत १७ नोव्हेंबरला नुरानांगच्या लढाईत धारातीर्थी पडले. दुसरं सेलाच्या या बाजूला, दिरांगकडे उतरताना लागणारं न्युकमाडुंगचं स्मारक. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या सेला बोगद्यातून गाड्या आता थेट निघून जातात. तुम्ही जुन्या रस्त्याने खिंडीवरूनच या, आणि न्युकमाडुंगला पोचेपर्यंत अंधार पडू नये म्हणून जंगहून पहाटेच निघा.